तोंडलीच्या मांडवाखाली

होळी, वसई
दि. २५ ऑक्टोबर १९९६

ती. वन्सं यांस,
आशाचा शि. सा. नमस्कार.

काल गुरुवार. दुपारपर्यंत ऊन होतं. मग राजोडीच्या बाजूनं आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि पाऊस आला. फार वेळ चालला नाही. संध्याकाळी पुन्हा ऊन पडलं. वीज गेली होती, ती आज सकाळी आली. मी शाळेच्या कार्यालयात होते, त्यामुळे प्रत्यक्ष काही पाहिलं नाही.

घराची थोडी कौलं सरकली आहेत. वांगी आडवी झाली. बावखल काठोकाठ भरलंय आणि त्यात आपली पपई मुळासकट पडली आहे. फळं पाण्यावर तरंगताहेत. तोंडलीचा मांडव जरा कलला आहे. काळजीचं कारण नाही.

दर पावसानंतर वाडीची हकीकत तुम्हाला हे कळवत असत, म्हणून मी कळवते आहे. मला त्यांच्यासारखं लिहिता येत नाही. कार्यालयातून जी पत्रं बाहेर जातात तेवढीच लिहायची सवय.

एक सांगते. काल मी फाटक उघडलं तेव्हा पिवळं ऊन पडलेलं होतं आणि सगळ्या वाडीत कसलाच आवाज नव्हता. पाखरं नव्हती, पंप बंद होते. पाण्यावर पानं तरंगत होती, तीही हलत नव्हती. मी बराच वेळ फाटकाशी उभी राहिले. आत गेले तर काहीतरी सांडेल असं वाटत होतं.

तुमच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार ते कळवा. तेजस्वीला आशीर्वाद.

आपली,
आशा

———

चिंचणी
दि. २८ ऑक्टोबर १९९६

चि. आशा हीस पुतळाबाईचे अनेक आशीर्वाद.

(मामी, आई बोलताहेत आणि मी, तेजस्वी, लिहिते आहे. मायन्यात काय घालू विचारलं, तर म्हणाल्या, गं. भा. बिं. भा. काही नको, आपली आशा आहे, चि. लिही.)

तुझं पत्र मिळालं. प्लास्टर दिवाळीनंतर निघेल. डॉक्टर म्हणतो पाय जमिनीला लावू नका, म्हणून मी खाटेवर बसून सुनेला कामं सांगते. तिला विचार माझा पाय बरा होता तेव्हा सुखी होती की आता.

वारा आमच्यावरूनही गेला. आमच्या शेजारच्यांची चिकूची मोठी झाडं गेली. असला वारा मांडवाला जरा कलवून पुढं जात नाही, आशा. मी त्या वाडीत जन्मले. मांडव उभा असतो नाहीतर पडलेला असतो. तर खरं काय ते लिही. कुठल्या बाजूनं बसला? खांब मोडले की उपटले? वेलांच्या मुळाशी, गड्ड्याशी पानी साचलंय का? तोंडलीचा वेल सहजी मरणारा नाही, चार वर्षं झाली नथूनं लावला त्याला, पण वर ओझं आणि खाली पानी असं राहिलं की आतून मऊ होतो. मग हात लावला की सुटून येतो. तसं होऊ देऊ नकोस. तेवढेच वेल त्याच्या हातचे राहिलेत.

फर्डिनंडला बोलावलंस का? बायजाला? तुला ठाऊक आहे तरी सांगते. पडलेल्या वाडीत न बोलावता कोणी पाय ठेवत नाही. माल भुईवर लोळत असतो, उद्या चार तोंडली कमी झाली तर संशय कोणावर घ्यायचा, म्हणून जुन्या माणसांनी ही रीत घातली. वाडीवाल्यानंच संध्याकाळी चार घरांच्या कुंपणाशी जायचं आणि म्हणायचं, अमक्याचा मांडव उचलायचाय, उद्या या. ज्याचा मांडव त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की कोणी नाही म्हणत नाही, ना आपल्यातलं, ना क्रिस्तावांतलं. नथू जायचा तेव्हा त्याचा आवाज होळीच्या बाजारापर्यंत जायचा. तुला तेवढा काढायची गरज नाही. कुंपणापलीकडे गेला तरी पुरे.

तुला घरी पोरंबाळं असती तर ती पळाली असती. नाहीत, तर तूच जा. उशीर करू नकोस.

पुतळाबाई

———

होळी, वसई
दि. ३० ऑक्टोबर १९९६

ती. वन्सं यांस,
आशाचा शि. सा. नमस्कार.

पत्र आज मिळालं. तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. मांडव पडला आहे. पहिल्याच दिवशी पूर्ण पडला होता. तुम्ही पायामुळे अडकून पडला आहात आणि उगाच जिवाला घोर लागेल म्हणून तसं लिहिलं.

पश्चिमेचे खांब मोडले, पूर्वेचे मुळात सैल होते ते झुकले आणि सगळं छप्पर वेलासकट खाली बसलं. एक कड विहिरीच्या कठड्यावर अडकली आहे आणि दुसरी पेरूच्या फांदीवर. त्यामुळे मधे पोकळी राहिली आहे. ओणवं होऊन आत जाता येतं. आत बसायला पुरेशी जागा आहे.

मी आत जाते. हे तुम्हाला लिहावं की नाही याचा विचार करत होते. कार्यालयातून आले की चहा घेते आणि त्या पोकळीत जाऊन बसते. आत हिरवा उजेड असतो, बावखलात डुबकी मारल्यावर डोळे उघडले तर दिसतो तसा. वेलाला अजून कळलेलं नाही की आपण पडलो आहोत. सकाळी पांढरी फुलं उमलतात, काही खालच्या बाजूला तोंड करून. पिकलेली तोंडली लाल होऊन डोक्याशी लोंबतात आणि बुलबुल वरून चोच घालून ती खातो. त्याचे पाय मला खालून दिसतात. त्याला मी दिसत नाही.

तिथं बसलं की हे वरच्या बाजूला काम करताहेत असं वाटतं. काही ऐकू येत नाही. पण थोडं थांबलं तर येईल, असं वाटत राहतं. मग अंधार पडतो आणि मी घरात येते.

गड्ड्याशी पाणी आहे. मी दांड पाडून थोडं बावखलाकडे काढलं, पण उतार उलटा आहे. खालच्या फांद्यांची पानं पिवळी पडायला लागली आहेत.

बोलवायला मी गेले नाही. मला जमत नाही ते. तेवीस वर्षांत इथं मी कोणाच्या कुंपणाशी जाऊन काही मागितलेलं नाही, सगळं बोलणं ह्यांचं असायचं. आणि कोणी आलंही नाही. फर्डिनंडभाऊंचा, बायजाचा, सगळ्यांचे मांडव उचलून झाले. पलीकडून कोयत्यांचे आवाज येत होते, आता तेही थांबलेत.

तुम्ही पायाला जपा.

आपली,
आशा

———

चिंचणी
दि. २ नोव्हेंबर १९९६

चि. आशा हीस आशीर्वाद.

कोणी आलं नाही हे वाचून मी तेजस्वीला पत्र परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. बोलावल्याशिवाय आत येऊ नये हे खरं, पण माणूस गेलेल्या घराच्या कुंपणाशी येऊन उभंही राहू नये, एवढं होळीचं पानी बदललं असेल असं मला वाटलं नव्हतं. फर्डिनंडची इझाबेल बाळंतीण होती आणि तो तापानं फणफणला होता, त्या साली नथू आठवडाभर त्यांच्या मिरच्यांना पानी देत होता. मला आठवतं, कारण आपल्या मिरच्या तेव्हा वाळल्या आणि आई त्याला बोलली होती.

मी फर्डिनंडला कार्ड टाकलंय. आजच. त्यात काय लिहिलंय ते तुला कळायची गरज नाही.

तू हिंमत धर. आत बसतेस ते मला आवडलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. काय वाटलं ते सांगता येत नाही.

पुतळाबाई

(मामी, मी तेजस्वी. तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते. कार्डावर आईंनी एवढंच घातलंय, ‘नथू गेला तर त्याची वाडीही गेली का तुमच्या लेखी? मला पाय असता तर मी आले असते. तुम्हाला दोन-दोन आहेत.’ मी म्हटलं पाकिटात घालू या, तर म्हणाल्या कार्डच टाक, पोस्टमननं वाचलं तरी वाचू दे. बाकी त्या जे बोलल्या ते मी लिहिलेलं नाही. ते पोस्टात चाललं नसतं.)

———

होळी, वसई
दि. २ नोव्हेंबर १९९६

ती. वन्सं यांस,
आशाचा शि. सा. नमस्कार.

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं की कोणी आलं नाही. ते खरं नाही. ते आले होते.

गेल्या रविवारची गोष्ट. मी सकाळपासून पोकळीत बसले होते. कुंपणाच्या बाजूला पानं जमिनीपर्यंत आलेली नाहीत, तिथून पलीकडच्या वाटेची एक पट्टी दिसते. त्या पट्टीत पाय आले. फर्डिनंडभाऊंचे पाय मी ओळखले, त्यांची टाच उभी फुटलेली आहे. इझाबेलच्या चपला. बायजाच्या पायांतले वाळे. खांद्यावर काथ्याची वेटोळी असणार, कारण एका पायाशी काथ्याचं शेपूट लोंबत होतं. ते उभे राहिले. बोलावणं यायची वाट बघत होते.

मी नुसतं ‘या’ म्हटलं असतं तरी निम्मं काम झालं असतं. मी म्हटलं नाही. पाय गुडघ्यांशी ओढून घेतले आणि श्वाससुद्धा हळू घेतला. फर्डिनंडभाऊ एकदा खाकरले. बायजा म्हणाली, ‘घरात नाय वाटतं बाय.’ मग थोड्या वेळानं पाय निघून गेले. वाटेवर ऊन राहिलं.

वन्सं, मला दोन गोष्टी अडवतात. एक म्हणजे ते नाव. आमच्याकडे घाटावर नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. ते असताना कधी लागलं नाही. आता घ्यायचं तर कशासाठी, तर त्यांचा मांडव पडला हे सांगायला. माझा मांडव म्हणावं तर तेही तोंडातून निघत नाही. मी त्यातलं एक पानही लावलेलं नाही. रविवारी फक्त तोंडली खुडायला जायचे, त्यातही कोवळी खुडली म्हणून बोलणी खायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे मांडव उचलला की ती पोकळी राहणार नाही.

हे लिहिल्यावर फार वेडगळ दिसतंय. पण कार्यालयात बसलेली असतानाही माझं मन तिथं असतं. हजेरीपट भरताना मधेच वाटतं, आत्ता तिथं उजेड कुठवर आला असेल. परवा संध्याकाळी डोळा लागला तेव्हा स्वप्नात मी आत होते आणि हे छपरावरून चालत होते. पानं दबत नव्हती. एका जागी थांबून त्यांनी खाली वाकून पाहिलं, पण मला नाही, वेलाच्या गाठी बघत होते. एकेक गाठ चाचपून पुढं गेले. मी हाक मारली नाही. जाग आली तेव्हा गालाला पान चिकटलेलं होतं, म्हणजे मी खरंच तिथं झोपले होते.

आज मृतांचा दिवस, म्हणून सकाळपासून वाटेवरून माणसं स्मशानभूमीकडे जात होती. इझाबेल टोपली भरून झेंडू घेऊन गेली. तिच्या सासऱ्यांच्या थडग्यासाठी आपल्या वाडीची पांढरी शेवंती हे दर वर्षी द्यायचे. या वर्षी शेवंती पाण्यात गेली. मी तिला देऊ शकले नाही आणि तिनं मागितली नाही. कुंपणाजवळ आल्यावर ती क्षणभर थांबली असं मला वाटलं. मी आतच होते.

आज एक वेल गड्ड्याशी दाबून पाहिला. मऊ लागला. बाकीच्यांना हात लावायचा धीर झाला नाही.

तुम्ही रागवाल. रागवा.

आपली,
आशा

———

चिंचणी
दि. ५ नोव्हेंबर १९९६

चि. आशा हीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. माझं कार्ड त्याआधीच गेलं. कार्ड परत बोलावता येत नाही, तेजस्वीनं पोस्टात जाऊन विचारलं. तेव्हा फर्डिनंड रागावला तर माझ्यावर ढकल. म्हातारी आहे, खाटेवर पडून डोकं फिरलंय म्हण. इझाबेलला मात्र मी स्वतः पत्र घालीन. ती बिचारी काथ्या घेऊन आली आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्या.

तुझ्यावर रागवायला मी सकाळपासून बसले होते. जमलं नाही.

नथू लहान असताना रुसला की पडवळाच्या मांडवाखाली जाऊन बसायचा. त्या काळी मांडव खुजे असत, मोठी माणसं आत जायची नाहीत. आई त्याला बाहेर ओढायची नाही. भाकरी पानावर ठेवून आत सरकवायची आणि निघून जायची. तो खायचा आणि पोट भरलं की स्वतःच बाहेर यायचा. कोणी काही विचारायचं नाही. तुला भाकरी सरकवायला मी तिथं नाही, एवढंच वाईट वाटतं.

बसलीस ते बसलीस. पण वेलाला खाली वारा लागत नाही, आशा. तू आत आहेस म्हणून तो जगणार नाही.

नावाचं म्हणशील तर मी काय सांगू. मला तो भाऊ, मी हजारदा घेतलं. तुझ्या गळ्यात ते तेवीस वर्षं राहिलंय, ते बाहेर यायला वेळ लागेल. पण एक लक्षात ठेव. तू नाव घेतलंस म्हणून तो आणखी जाणार नाहीये. जायचा तेवढा श्रावणातच गेला.

पुतळाबाई

(मामी, हे शेवटचं सांगून आई भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्यांनी जेवताना आज भांडणही केलं नाही. लवकर काहीतरी लिहा. – तेजस्वी)

———

होळी, वसई
दि. ७ नोव्हेंबर १९९६

ती. वन्सं यांस,
आशाचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. कार्ड त्याआधी पोचलं होतं. मांडव काल उचलला. आता क्रमानं सांगते.

मंगळवारी संध्याकाळी मी कार्यालयातून आले तर कुंपणापलीकडे फर्डिनंडभाऊ उभे होते. मागे इझाबेल आणि बायजा. फर्डिनंडभाऊंच्या हातात कार्ड होतं. त्यांनी ते कुंपणावरून माझ्याकडे दिलं. मी वाचलं आणि मला कुठं बघावं कळेना. बायजा म्हणाली, ‘मोठ्यानं वाच की बाय, आमाला बी कळू दे पुतळीनं काय आहेर पाठवलाय.’ फर्डिनंडभाऊ तिला म्हणाले, पोस्टमननं बाजारात सगळ्यांना वाचून दाखवलंय, तूच एकटी राहिली असशील. माझा राग आला आहे असं त्यांच्याकडे बघून वाटलं नाही, पण ते हसतही नव्हते.

मग ते म्हणाले, ‘वहिनी, आम्ही आलो होतो.’

मी म्हटलं, ‘हो. मी आत होते.’

इझाबेल खाली बघत होती. मग ती म्हणाली, तिला ठाऊक होतं. रविवारी पानांच्या खालून माझा पदर बाहेर आलेला तिला दिसला होता. पांढऱ्या फुलांत पांढरा पदर, पण तिनं ओळखला. तिनंच बाकीच्यांना हातानं खुणावलं आणि परत नेलं. बायजा ‘घरात नाय वाटतं’ म्हणाली ते मला ऐकू जावं म्हणून म्हणाली होती. त्यानंतर रोज इझाबेल येता-जाता पदर दिसतो का ते बघत असे. दिसला की घरी जाऊन सांगे, आज नको.

वन्सं, म्हणजे इतके दिवस मी त्यांना फसवून आत लपले आहे असं मला वाटत होतं आणि ते तिघं मला बसू देत होते. त्यांना वेल कुजताना दिसत होते. पाणी दिसत होतं. तरी त्यांनी पाय आत घातला नाही.

फर्डिनंडभाऊ म्हणाले, ‘वहिनी, उद्यापेक्षा जास्त थांबलो तर काही उरायचं नाही.’ मग त्यांनी विचारलं. रीत आहे म्हणून विचारलं असेल. ‘सांगा. कोणाचा मांडव?’

मला वाटलं होतं की फार जड जाईल. कुंपणाची एक काठी मी हातात धरली होती, ओली होती. समोर त्यांचे पाय आणि चेहरे एकदमच दिसत होते, रविवारसारखे नुसते पाय नव्हते. मी म्हटलं, ‘नथूचा. नथूचा मांडव उचलायचाय. उद्या या.’

आवाज कुंपणापलीकडे गेला. त्याहून पुढं गेला नसेल.

मग बायजानं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, ‘तेवीस वर्सांत एक शब्द बोलली नाय कुंपनाशी. बोलली तर थेट नवऱ्याचं नाव.’ इझाबेल हसली, फर्डिनंडभाऊ हसले आणि मीही. ह्यांच्या नावावर आम्ही सगळे हसत होतो आणि त्यात काही वाईट वाटत नव्हतं. वाटेवरच्या दिव्याभोवती पावसातले किडे घोंघावत होते. मला क्षणभर असं वाटलं की हे घरात आहेत, आवाज ऐकून बाहेर येतील आणि विचारतील काय चाललंय. तसं वाटूनही मी मागे वळून बघितलं नाही.

काल सकाळी आठ-दहा जण आले. फर्डिनंडभाऊंनी आधी सगळ्यांना बाहेर उभं केलं आणि एकटे आत, पोकळीत शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आल्यावर सांगितलं की पाच वेलांतले दोन गेले. तीन आहेत. त्या तीनही वेलांची खालची फांदी कापावी लागेल, पण गड्डा टणक आहे. मी पुढं होऊन हात लावून पाहिला. टणक होता.

मग त्यांनी बांबू घातले आणि सगळ्यांनी एकदम खांदे लावले. मला पेरूच्या बाजूला उभं केलं होतं. मी आजवर कधी मांडवाला खांदा लावला नव्हता. त्याला इतकं वजन असतं हे मला माहीत नव्हतं. फर्डिनंडभाऊंनी आवाज दिला आणि छप्पर हळूहळू जमिनीपासून सुटलं. पानांत अडकलेलं पाणी सगळ्यांच्या अंगावर आलं, लाल तोंडली टपटप पडली. आपलं अंग वर जातंय की मांडव, ते कळेना. एका क्षणी नुसते श्वास ऐकू येत होते, आणि मला वाटलं, आता सोडून दिलं तरी हा वरच राहील.

खाली, मी बसत होते ती जागा उघडी पडली. तिथं गवत दबून पांढरं झालं होतं, माणूस बसतो तेवढं. त्यावर ऊन आलं. मला वाटलं होतं मला ते बघवणार नाही. पण ते नुसतं गवत होतं. कोणीतरी त्यावर काथ्याचं वेटोळं ठेवलं आणि पुढच्या खांबाकडे गेलं.

मेलेले दोन वेल फर्डिनंडभाऊंनी माझ्याकडून कापून घेतले. ‘मी कापले तर नथू रात्री येऊन मला बोलेल,’ म्हणाले. मी कोयता चालवला. एक घाव चुकला. जिवंत वेलांची कांडी त्यांनी कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली आहेत, रिकाम्या दोन जागी लावायला. कशी लावायची ते तुम्ही कळवा. किती खोल, आणि डोळा कुठल्या बाजूला. इथं विचारलं असतं, पण मला तुम्हाला विचारायचं आहे.

सगळ्यांना चहा आणि पोहे दिले. इझाबेलनं घरून पाव आणले होते. तुमचं कार्ड फर्डिनंडभाऊंनी परत मागून घेतलं. ते म्हणाले पुतळाबाईच्या शिव्या मी जपून ठेवतो, मला आता दुसरं कोणी देत नाही.

पायाचं प्लास्टर निघालं की इथं या. तेजस्वी आणि तुमचा कल्पेश सोडतील असं धरते. तोवर नव्या पानांनी थोडं छप्पर झालेलं असेल. सध्या बऱ्याच जागी आभाळ दिसतं.

मघाशी बायजा कुंपणाशी येऊन गेली. म्हणाली, ‘बायजाच्या केळींना टेकू द्यायचेत, उद्या ये.’ मी बरं म्हटलं. उद्या कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा सांगेन. कामाला नेसता येईल अशी जुनी साडी ट्रंकेतून काढली, तिचा काठ एका बाजूनं उसवलाय. सुईत दोरा ओवला आहे. पत्र इथंच थांबवते आणि तेवढा काठ टाचून घेते.

आपली,
आशा